बोर्डावरचा s

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज मोठ्या टेबलावर बसलो.

वर्ष झालं नेकारसुल्मच्या या गोदामात आउसबिल्डुंग, म्हणजे पगारी प्रशिक्षण, सुरू होऊन. नऊच्या सुट्टीला इथे फेस्पर म्हणतात. रोज फेस्परला मी खिडकीच्या कट्ट्यावर बसतो, डबा मांडीवर. कुणी हाकललेलं नाही. कुणी बोलावलंही नव्हतं, एवढंच.

आज टेबलावर वाद पेटला होता. अलीकडच्या काळातला सर्वांत थोर अमेरिकन खेळाडू कोण? राइनर एका बाजूला, पॅकिंगमधली तान्या दुसऱ्या बाजूला, दोन पोलिश ड्रायव्हर दोन्हीकडे वाटले गेलेले. मतं समसमान. राइनर खिडकीकडे वळून म्हणाले, "ना, ओंकेल? तू सांग."

माझं नाव ओंकार. राइनरना ते पहिल्या दिवशी 'ओंकेल' ऐकू आलं, म्हणजे काका. साठीचा माणूस तेवीस वर्षांच्या मला काका म्हणतो. मी त्यांना 'du' म्हणजे 'तू' म्हणतो, इथे सगळेच म्हणतात, पण डोक्यात अहोजाहोच चालू असतं. इथेही तसंच लिहिणार.

म्हणालो, "जिम्नॅस्ट. ती मुलगी."

तान्या ओरडली, "गेनाऊ!" म्हणजे बरोब्बर. आणि शेजारची खुर्ची पायाने बाहेर ढकलली.

डबा उचलला आणि गेलो. 

बुधवार, ८ ऑक्टो.

राइनरनी पाउझेनराउममधल्या, म्हणजे सुट्टीत बसायच्या खोलीतल्या, पांढऱ्या बोर्डावर सामने लावले. आठ जण. दर दोन-तीन दिवसांनी एक जोडी, फेस्परला हात वर करून मत, हरेल त्याचं नाव पुसायचं. मी इथे नावं लिहिणार नाही, टोपणनावंच बरी: पोहणारा, उडणारा (बास्केटबॉल), टेनिसवाली, जिम्नॅस्ट, धावणारी, लांब फेकणारा (त्यांचा तो अंड्यासारखा चेंडू), दांडकेवाला (बेसबॉल), बर्फावरून घसरणारी.

वर मोठ्या अक्षरांत मथळा: Wer ist der gröste Sportler? सर्वांत मोठा खेळाडू कोण?

तान्याने उठून Sportler च्या पुढे /in जोडलं, म्हणजे बायकाही आल्या. सगळे हसले, राइनरही. मग तिने विचारलं, मोठा म्हणजे नक्की कसा? कारण या शब्दाचा अर्थ उंच असाही होतो, मग उडणारा आत्ताच जिंकला, घरी जा. आपल्याकडेही 'मोठा' म्हटलं की थोरला, उंच, श्रीमंत, काहीही. 'थोर' म्हटलं की प्रश्न मिटतो. सांगावंसं वाटलं. जर्मनमध्ये वाक्य जुळेपर्यंत विषय सॉसेजवर गेला होता.

gröste मध्ये s नको, ß हवा. größte. पुण्याच्या क्लासमध्ये आम्ही ß ला यांचा पोटफोड्या ष म्हणायचो. फेस्पर संपेपर्यंत नजर तिथेच जात राहिली. बाबा बोर्ड रंगवतात. लहानपणापासून मी शिडी धरून खाली उभा आणि वर ऱ्हस्व-दीर्घ सांगणारा. चुकीचं अक्षर मला अंगात खडा गेल्यासारखं टोचतं.

डबा बंद केला आणि कामाला गेलो.

रविवार, १२ ऑक्टो.

कुलकर्णींकडे पावभाजी. प्रसाद कुलकर्णी मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. महिन्यातून एकदा गावातल्या मराठी लोकांना बोलावतात, मलाही. चांगले आहेत.

मी उत्साहात बोर्डाचा विषय काढला. चूक.

प्रसाददादा: "अमेरिकन कसले थोर रे? आपापसातच खेळतात आणि स्वतःलाच वर्ल्ड चॅम्पियन म्हणवतात! आमच्या सोसायटीच्या कबड्डीसारखं."

दुसरे एक: "त्यापेक्षा क्रिकेटवर बोल ना."

मृणालवहिनी: "अहो, त्याला खाऊ तर द्या आधी. ओंकार, लोणी घे. तू डिप्लोमा कुठल्या कॉलेजचा म्हणालास?"

म्हणालो, कऱ्हाडचा. खोटं नाही. 'पूर्ण केला' असं म्हणालो नाही.

त्यांची रेवा सात वर्षांची. प्रसाददादांनी तिला गमतीने विचारलं, "तुला कोण आवडतं गं?" तिने टॅबवरून मान न काढता उत्तर दिलं, "दी टुर्नरिन. नातूर्लिश." जिम्नॅस्ट, अर्थात. तिथे माझ्या बाजूचं एकच मत होतं, तेही जर्मनमध्ये.

परतताना वहिनींनी पाव बांधून दिले. ट्राममध्ये पिशवीला लोण्याचा वास येत होता. शेजारच्या बाई उठून पुढे गेल्या. कदाचित त्यांचं स्टेशन आलं असेल.

मंगळवार, १४ ऑक्टो.

पोहणारा वि. दांडकेवाला. पोहणारा सहज. तान्या म्हणते पाण्यात मिळणारी पदकं फार, एकाच माणसाने तऱ्हातऱ्हांनी पोहायचं, हा काय न्याय? राइनर म्हणाले, "मग तू एकदा फुलपाखरू पोहून दाखव, नेकारमध्ये. आम्ही पुलावरून बघतो."

फेस्परनंतर राइनरनी हाक मारली. हातात माल पोचल्याची चिठ्ठी. "ओंकेल, चष्मा घरी राहिला. वाच जरा." वाचून दाखवलं. चष्मा त्यांच्या घरी फार वेळा राहतो.

मग ट्रक यायला उशीर होता तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. शेजारच्या हाइलब्रॉनला अमेरिकन सैन्याच्या बराकी होत्या. लहानपणी राइनर तिथल्या कुंपणाजवळ उभे राहायचे. एका सैनिकाने चेंडू कुंपणावरून टाकला आणि म्हणाला, परत टाक. तेवढं बास्केटबॉलचं पहिलं शिक्षण. इंग्रजी तिथेच कानाने शिकले. खरंच, राइनरचं इंग्रजी बोलणं माझ्यापेक्षा कितीतरी मोकळं आहे.

एवढं मोठं बोलणं माझ्याशी इथे कुणी केलं नव्हतं. संध्याकाळी ताईला व्हॉइस नोट पाठवली. तिचं उत्तर: "कोण रे राइनर? तुझा साहेब का? जेवलास का?"

सोमवार, २० ऑक्टो. (नरक चतुर्दशी)

पहाटे आईने पाठवलेलं उटणं लावून शॉवर. जाळीत उटणं अडकलं, ते काढत बसलो, पाच पन्नासची ट्राम जेमतेम मिळाली. कारीट नव्हतं. एक द्राक्ष फोडलं टाचेखाली. वेडेपणा.

आज जोडी: जिम्नॅस्ट वि. उडणारा.

तान्या चांगलं बोलली. माझी पाळी आली. मी रात्री वाक्यं जुळवून ठेवली होती. म्हणालो: ती ऐन स्पर्धेत थांबली. हवेत आपण कुठे आहोत हे तिला कळेना, तेव्हा सगळ्या जगासमोर 'आज नाही' म्हणाली. आणि नंतर परत आली. मला ते सर्वांत थोर वाटतं.

राइनरनी ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. "नाइन. जो थांबतो तो बाद. थोर माणूस थांबत नाही. उडणारा तापातसुद्धा खेळायचा."

हात वर. तिघे त्यांच्या बाजूने, आम्ही दोघं. राइनरनी जिम्नॅस्टचं नाव पुसलं. रागाने नाही, नेहमीसारखं, तळहाताने.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. मला कुणी काढलं नाही, नापासही नव्हतो. एका सकाळी पेपरला निघालो आणि कऱ्हाडच्या स्टँडवरून परत फिरलो. गाडी समोर लागलेली होती. कंडक्टर म्हणाला, "बसतोस का?" पाय उचलेना. ही गोष्ट राइनरना माहीत नाही. तरी मलाच म्हणाल्यासारखं वाटलं.

मंगळवार, २१ ऑक्टो. (लक्ष्मीपूजन)

नीट लिहितो. जसं झालं तसं.

टेबलासाठी शंकरपाळे नेले होते, आईच्या पार्सलमधले. डबा ठेवायला लवकर गेलो. पाउझेनराउममध्ये कुणी नव्हतं. डबा ठेवला. बोर्ड समोर. gröste.

हात आपोआप गेला. s बोटाने पुसला, पेन घेतलं. काळं वाळलेलं होतं, लाल चालत होतं. ß काढला. छान आला, पोट गोल, बाबा म्हणतात तसा एका दमात. बरं वाटलं. आमच्याकडे हीच रीत आहे, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत चूक गुपचूप नीट करायची. न बोलता. त्यात त्याचा मान राहतो.

नऊ वाजता सगळे आले. राइनर बोर्डासमोर थांबले. 

"वेअर वार दास?" कुणी केलं हे?

मी, हो, मी हसत हात वर केला. शाळेतल्यासारखा.

राइनरनी सिंकवरचं फडकं घेतलं आणि अख्खा बोर्ड पुसला. मथळा, नावं, रेघा, तान्याचा /in. म्हणाले, "श्पील आउस." खेळ संपला. आणि कॉफी घेऊन बाहेर गेले, थंडीत, जॅकेट न घालता.

शंकरपाळ्यांचं झाकण उघडंच राहिलं. एका ड्रायव्हरने एक खाल्ला आणि झाकण लावलं.

बुधवार, २२ ऑक्टो.

खिडकीच्या कट्ट्यावर. कुणी सांगितलं नाही. खुर्ची होती, पण पाय तिकडे गेले नाहीत.

राइनर सकाळी म्हणाले, "हेर साळुंखे, गेट तीन." माझं आडनाव, ळ आणि ख दोन्ही बरोबर. म्हणजे त्यांना नाव पहिल्यापासून नीट म्हणता येत होतं.

दुपारी तान्या खोक्यांना पट्ट्या मारताना हळू म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"त्यांना लिहिता-वाचता त्रास होतो. अक्षरं उड्या मारतात म्हणे. शाळा आठवीत सोडली. सगळ्यांना माहीत आहे. इतक्या वर्षांत कुणी एक शब्द काढला नाही. तो बोर्ड त्यांनी स्वतः लिहिला, ओंकार. स्वतः! पहिल्यांदा. आणि तू लाल पेनाने."

"मी /in सारखंच..."

"मी त्यांच्या डोळ्यांसमोर भांडले. तू पाठीमागे तपासलंस."

तिने पट्टी फाडली. 

शुक्रवार, २४ ऑक्टो.

चष्मा. रोज घरी राहणारा चष्मा. मला कसं कळलं नाही.

आणखी एक गोष्ट छळते आहे. s तिथे दोन आठवडे होता. मी त्याला हात लावला तो नेमका 'जो थांबतो तो बाद' नंतरच्या सकाळी. ही बाबांची रीत होती की वचपा? हात आपोआप गेला असं वर लिहिलंय. वाचलं परत. हात आपोआप जातो का?

खोडत नाही. राहू दे.

रविवार, २६ ऑक्टो.

घड्याळं एक तास मागे. आता कऱ्हाड साडेचार तास पुढे. आपण आणखी मागे पडलो असं दरवर्षी वाटणार बहुतेक.

बाबांना फोन. सगळं सांगितलं, थोरपणाच्या वादासकट.

बाबा: "बोर्ड कुणाचा व्हता?"

"त्यांचा."

"मग? आरं, आपल्या बोर्डातली चूक गुपचूप पुसायची. दुसऱ्या पेंटरच्या बोर्डाला हात लावायचा आसंल, तर आधी त्याच्याकडं ब्रश मागायचा. त्यानं दिला तर रंगवायचं. न्हाई तर च्या पिऊन घरी यायचं."

"आणि चूक?"

"चूक कुठं पळून जातीया? 'जनता हेअर कटींग'मधली टी वीस वर्षं दीर्घच हाय. लोकांचे केस कापायचे ऱ्हायलेत का?"

मागून आई: "त्याला विचारा शंकरपाळे मऊ पडले का."

म्हणालो, नाही, सगळ्यांना आवडले.

बुधवार, २९ ऑक्टो.

माफी मागितली. वाक्य घरी लिहून, व्याकरण तपासून, पाठ करून गेलो होतो. गेट तीनवर गाठलं. म्हटलं. एकही चूक झाली नाही.

राइनर: "पास्ट शोन." ठीक आहे. आणि श्टापलर, माल उचलायची गाडी, सुरू केला.

पास्ट शोनचा अर्थ ठीक आहे असा होतो. दार लावल्यावर कडीचा आवाज येतो ना, तसं म्हणाले.

कदाचित एखादी चूक करायला हवी होती.

शनिवार, १ नोव्हेंबर

सुट्टी, दुकानं बंद. खोलीत हीटरचा टकटक आवाज. प्रसाददादांचा मेसेज आला होता, उद्या या. सर्दीचं कारण दिलं.

बाबांचं एक जुनं काम आठवलं. बाजारातल्या दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड. अक्षरांच्या वर भलामोठा दात, हसरा. खेड्यावरून येणारे म्हातारे पत्ता सांगताना म्हणायचे, 'दाताखाली'. शिकलेले लोकही तेच म्हणायचे. कुणाला वाचता येतं आणि कुणाला नाही हे त्या दातापाशी कळायचंच नाही.

कंपनीतून आणलेला खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर काढायला बसलो. पोहण्याचा चष्मा: पोहणारा. पंख फुटलेला बूट: उडणारा. रॅकेट. सुटलेली बुटाची नाडी, वाऱ्यावर: धावणारी. तेवढे चारच उरले होते खेळात. एकही अक्षर नाही.

संध्याकाळी भीती. हे पाहून त्यांना वाटलं की 'वाचता येत नाही म्हणून चित्रं' तर? लहान मुलांसारखी? फाडायला घेतला. रंग चांगला बसला होता. फाडला नाही.

सोमवार, ३ नोव्हें.

ब्रश मागितला. म्हणजे, फेस्परच्या आधी विचारलं, "राइनर, बोर्डवर एक गोष्ट लावू का?"

"बोर्ड माझा नाही."

हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बोर्डाच्या लाकडी चौकटीला पिनांनी लावला. कट्ट्यावर जाऊन बसलो, पाठ टेबलाकडे.

ऐकू येत होतं. ड्रायव्हर: "हा बूट कोण? अँहा!" तान्या: "नाडी! नाडी बघा!" खुर्च्यांचे आवाज. कुणीतरी हसलं.

राइनरचा आवाज आला नाही. मी वळून बघितलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हें.

पुठ्ठा जागेवर आहे. कुणीतरी पिन सरळ केली आहे, एक कोपरा मी घाईत तिरका लावला होता.

फेस्पर संपताना राइनर बोर्डापाशी उभे. पाठमोरे. "आणि जिम्नॅस्ट कुठे आहे?"

कुणाला विचारलं ते कळेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

म्हणालो, "ती बाद आहे. तुम्ही... मतं पडली होती."

"आखसो," म्हणजे अच्छा, म्हणाले. मग: "ते ऑक्टोबरमध्ये झालं."

आणि गेले.

तान्याने भुवया उडवल्या. मी डबा बंद करायला विसरलो, भाजीचं तेल बॅगेत सांडलं. जर्मनच्या वहीची शेवटची पानं पिवळी झाली आहेत, हळदीने.

गुरुवार, ६ नोव्हें.

जिम्नॅस्ट काढून नेली, वेगळ्या पुठ्ठ्यावर. हवेतली, डोकं खाली, पाय वर. खाली जमीन काढलीच नाही. किती उंचावर आहे ते मलाही माहीत नाही.

राइनरनी हातात घेतली. पुठ्ठा उलटा करून बघितला, मग सुलटा, मग परत उलटा.

"ओंकेल, ही कुठल्या बाजूने लावायची?"

ओंकेल.

"अशीच. ती हवेत आहे."

"तिला कळतंय का ती कुठे आहे?"

"नाही. अजून नाही."

त्यांनी मान हलवली. पिन तोंडात धरून स्वतः लावली, उडणाऱ्या बुटाच्या शेजारी. म्हणाले, "मीसुद्धा एकदा... शाळेत, बोर्डासमोर. खडू हातात." ट्रकचा हॉर्न वाजला. पिनेमुळे पुढचे शब्द कळले नाहीत. परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हें.

खुर्चीवर बसलो. टेबलाच्या. कुणी ढकलली नाही, मीच ओढली.

तान्या म्हणाली, फेरी परत सुरू करायची तर मथळा तरी हवा, नुसते बूट आणि चष्मे बघून नवा माणूस समजेल चपलांचं दुकान आहे. ड्रायव्हर हसले. राइनर हसले नाहीत. उठले. नवं काळं पेन आणलं होतं कुणीतरी. टोपण काढलं.

Wer ist der grö

आणि थांबले.

 तान्या आपल्या नखांकडे बघत होती. ड्रायव्हर खिडकीबाहेर. मी कुठे बघू ते कळेना, म्हणून डब्याकडे बघितलं. सिमला मिरची.

राइनरचा हात बोर्डाला टेकलेला तसाच. मग म्हणाले, मोठ्याने नाही, "आज नाही."

टोपण लावलं. पेन ते नेहमी बोर्डाखालच्या कठड्यावर ठेवतात, त्याची जागाच आहे ती. आज टेबलापाशी आले, पेन माझ्या डब्याशेजारी ठेवलं, आणि कॉफीचा कप उचलून गेट तीनकडे गेले. जॅकेट घालून.

घंटा झाली. सगळे उठले. बोर्डावर grö तसंच.

पेन माझ्या खिशात आलं आहे, कामाच्या पँटच्या. कपडे धुवायला टाकताना सापडलं. आता टेबलावर ठेवलंय. ब्रश दिला, की पेन विसरले? ठेवताना माझ्याकडे बघितलं होतं का, तेही आठवत नाही, मी मिरचीकडे बघत होतो.

आणि दिलं असेल, तरी काय लिहू? ß बरोबर आहे. s त्यांचा आहे.

बाबांचा फोन येऊन गेला. आईची कंबर, गॅसचा नंबर, ताईचं सासर. पेनाबद्दल मी विचारलं नाही.

शनिवार आणि रविवार मध्ये आहेत. टोपण घट्ट आहे ना ते दोनदा पाहिलं, वाळायला नको.